कुलूपबंद फाइलमधलं वाक्य

सोमवारी सकाळी अकरा वाजता स्वागतकक्षातल्या काकूंनी, सुईला घाबरलेल्या एका गृहस्थांच्या पाठीवर हात ठेवून, प्रयोगशाळेच्या डेटाबेसचा पासवर्ड स्पष्ट शब्दांत उच्चारला.

"धीर धरा, उद्या कमी वाईट असेल," काकू म्हणाल्या.

तिथेच वायर जोडत बसलेल्या, प्रयोगशाळेच्या एकुलत्या एका संगणकवाल्यांच्या हातातून ती गळून पडली. हे वाक्य त्यांनी रविवारी स्वतः रचलं होतं. ते जगात एकाच फाइलमध्ये होतं आणि ती फाइल उघडण्याचा अधिकार त्यांच्याखेरीज कोणालाही नव्हता.

रात्रभरात झालेल्या तपासण्यांचे निकाल रोज सकाळी दहा ते दहा वीस या वेळात डेटाबेसमध्ये आपोआप भरणारी स्क्रिप्ट, ही त्यांची बारा वर्षांची पुण्याई होती. मागच्या महिन्यात संगणकांची सुरक्षा तपासायला आलेल्या तपासनिसांना त्या स्क्रिप्टमध्येच पासवर्ड उघडा लिहिलेला सापडला. "तो बाहेर काढा, कुलपात ठेवा आणि आठ अक्षरांऐवजी अख्खं वाक्य घ्या," असं सांगून ते गेले. उरलेलं संचालकबाईंनी सांगितलं: "शुक्रवारी ते परत येतायत. पुन्हा गळती दिसली, तर स्क्रिप्ट बाहेरच्या कंपनीला आणि तुम्ही ट्यूबना लेबलं लावायला."

काकूंना सरळ विचारणं अशक्य होतं. 'हे तुम्हाला कुठून कळलं' असं विचारणं म्हणजे हाच पासवर्ड आहे, हे कबूल करणं. संगणकवाले विज्ञानाचे पदवीधर होते. त्यांनी योगायोगाची शक्यता तपासली, नगण्य ठरवली आणि संध्याकाळी पासवर्ड बदलला. नवं वाक्य मनःस्थितीला धरून होतं: कोणावरही विश्वास ठेवू नका.

मंगळवारी दुपारी सूक्ष्मदर्शकावरच्या ताईंनी आपल्या खणाला कुलूप ठोकलं.

"काय हो ताई, एकदम कुलूप?"

"उगीच. कोणावरही विश्वास ठेवू नये, एवढंच."

नमुने आणणारा ड्रायव्हर तर एकेका ट्यूबसाठी वेगळी सही मागू लागला. ट्यूब एकशे चाळीस होत्या.

संध्याकाळी संगणकवाल्यांनी घरी उरलेली एकमेव शक्यता पडताळून पाहिली.

"मी झोपेत बोलतो का गं?"

"जागेपणी तरी कुठे बोलता?" बायको म्हणाली.

ही शक्यता त्यांनी खोडली. घरूनच फाइलमधला मजकूर अगम्य चिन्हांत बदलला, आणि जे मनात होतं तेच नवं वाक्य म्हणून आत ठेवलं: सगळं सोडून निघून जावं.

बुधवारी ताईंनी राजीनामा दिला. ड्रायव्हरने महिनाभराची रजा मागितली.

"अहो, पण झालंय काय?" संचालकबाई हवालदिल झाल्या.

"झालं काहीच नाही, बाई," ताई म्हणाल्या. "सकाळपासून मनात बसलंय."

"तुम्हाला काही कळतंय का हो, माणसं का चाललीत?" बाईंनी संगणकवाल्यांना विचारलं. त्यांना कळत होतं. सांगता येत नव्हतं. त्या संध्याकाळी पासवर्ड बदलण्याचंही त्राण त्यांच्यात उरलं नाही. गुरुवारी तेच वाक्य राहिलं आणि राजीनामे तीन झाले. मग संध्याकाळी त्यांनी शरण आल्यासारखं टंकलं: चूक माझीच आहे.

शुक्रवारी पावणेदहाला तपासनीस आले. त्यांना पाहताच संगणकवाले बाहेरच्या दाराकडे निघाले. काकूंनी त्यांना धरून रुग्णांच्या बाकावर बसवलं. दहा ते दहा वीस या वेळात ते आजवर कधीही या बाकावर बसले नव्हते. त्या वीस मिनिटांत ते आतल्या खोलीत सर्व्हरसमोर पहारा देत असत.

समोरच्या भिंतीवर मोठा पडदा होता. 'सध्या चालू असलेलं काम' रुग्णांना दिसावं म्हणून तो गेल्या वर्षी त्यांनीच लावला होता. दहाच्या ठोक्याला त्यावर कसलीतरी लांबलचक आज्ञा आली आणि तिच्या शेवटी, वीतभर उंचीच्या रोमन अक्षरांत, चूक माझीच आहे.

"आजचा सुविचार छोटाच आहे हो," काकू वहीत उतरवून घेत म्हणाल्या. "कालपरवाचा काय भारी होता! आम्ही सगळे रोज वाचतो. तुम्हीच निवडता ना?"

मागे तपासनीस आणि संचालकबाई उभ्या होत्या.

"हा पासवर्ड?" तपासनिसांनी विचारलं.

संगणकवाल्यांनी मान डोलावली.

"सोमवारपासून लेबलं," संचालकबाई म्हणाल्या.

"आणि सुविचार?" काकू घाबरल्या.

"ते राहू देत त्यांच्याकडेच."

तपासनिसांनी अहवालातल्या 'कारण' या रकान्यात पडद्यावरचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. संगणकवाल्यांनी अहवाल मागून घेतला आणि खाली स्वतःच्या अक्षरात भर घातली: 'फाइलला कुलूप होतं. स्क्रिप्ट ते उघडून पासवर्ड काढी आणि डेटाबेसला द्यायच्या आज्ञेतच जोडी. चालू असलेली आज्ञा त्या यंत्रावर कोणालाही पूर्ण दिसते. पडदा तीच दाखवत होता. जुना पासवर्डही वर्षभर रोज वीस मिनिटं तिथेच झळकला. त्याला अर्थ नव्हता, म्हणून तो कोणी वाचला नाही.'