देवस्थळींची बंदरं

इतिहास घडवणारे थोडे, तो प्राणपणाने जपणारे त्याहून थोडे. इथे आखातात, अल दुहैलच्या आमच्या कंपाउंडमध्ये हे दुसरं कार्य देवस्थळींकडे आहे. ते रशियन बंदरांचे जुने नकाशे जमवतात. सेंट पीटर्सबर्ग हॉलमध्ये, व्लादिवोस्तोक बेडरूममध्ये आणि भिंती संपल्यामुळे आस्त्राखान संडासाच्या दारावर, आतून. व्होल्गेचं मुख मला तिथेच पाठ झालं.

रशिया त्यांनी पाहिलेला नाही. नोकरी मात्र रास लफानच्या बंदरात. "तिथे बघायचं काय हो? गॅस! तोही दिसत नाही."

शुक्रवारी पोह्यांना बोलावतात आणि उलथन्याने खाड्या दाखवतात. वेस्ट बे भागातल्या एका बँकवाल्याने विचारलं, "समुद्रातला हा मासा शहराएवढा कसा?"

"त्या काळी मासे मोठे होते. यल्ला, पुढचं बंदर!"

मुलीला, सानिकाला, रशियात मेडिकलला पाठवायचं ठरलं तेव्हा शहर यांनीच निवडलं: अर्खांगेल्स्क. नकाशा घरात होता.

सानिका फोन करते तो फक्त कॉलेजातून हॉस्टेलवर चालत जाताना. एकदा मी तिथेच होतो. फोन स्पीकरवर, देवस्थळी उलथनं घेऊन नकाशासमोर.

"नदी डावीकडे ठेव. आता तटबंदी लागेल."

"बाबा, इथे सुपरमार्केट आहे."

"पाडली वाटतं! कुणाला विचारून? बरं, वळसा घालून धक्क्यावर ये."

"बाबा, आय ॲम फ्रीझिंग!"

"धक्क्यावरून गोदामं मोज बघू."

मेधावहिनी आतून ओरडल्या, "अहो, गारठेल ती! सोडा तिला!"

देवस्थळींनी तिला आणखी एका चर्चला वळसा घालायला लावला. चर्च होतं. दोघंही खूश झाली. मग हॉस्टेल आलं, "बाय बाबा," आणि फोन बंद.

मला राहवलं नाही. "अहो देवस्थळी, तिच्या मोबाइलमध्ये आजचा नकाशा असतो. सरळ रस्ता असेल की!"

"आहे ना. पाच मिनिटांचा." ते फ्रेमवरची धूळ बोटाने पुसत राहिले. "पण हॉस्टेल आलं की ती फोन ठेवते हो."

मी उलथनं त्यांच्या हातून घेऊन वहिनींना नेऊन दिलं.

होणाऱ्या डॉक्टरीणबाईंची सर्दी त्या हिवाळ्यात काही हटली नाही.