सफरचंदाच्या सालांची पिशवी

शेजारच्या मुलीने माझे लांब दांड्याचे दोन झाडू मागून नेले, तेव्हा मी काहीच विचारलं नाही. (म्हणजे दारात फक्त तीनदा विचारलं.) पण थोड्या वेळाने खिडकीतून सहज नजर गेली, तर झाडणं राहिलं बाजूला. दोन्ही झाडू अंगणात आडवे ठेवलेले आणि ही पोरगी त्यांच्यामधून "एक, दोन, तीन, चार" करत ढांगा टाकतेय. टोकाला पोचली की मान ताठ करून आमच्या पाण्याच्या टाकीकडे बघायची, आणि परत फिरायची. मी आठवी पास आहे, पण झाडूचा उपयोग मला कळतो. मी ठरवलं, खाली जाऊन नुसतं विचारून यायचं. तेवढंच. ते "तेवढंच" मला पुढे पाच आठवडे पुरलं.

ही मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते. एकटी राहते, मला काकू म्हणते. तिच्याकडे घोडा आहे, हे मला तीन वर्षांच्या शेजारात कळलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं. माझ्यासारखीच्या नाकाखालून अख्खा घोडा जावा? ती म्हणाली, घोडा गावाबाहेरच्या तबेल्यात असतो आणि ती तिथेच त्याच्यावर बसून अडथळ्यांवरून उड्या मारायची शिकवणी घेते. तिच्या चार ढांगा म्हणजे धावत्या घोड्याची एक ढांग, म्हणून दोन अडथळ्यांमधलं अंतर पायाने मोजायची सवय करत होती. आणि टाकी? तर उडीच्या वेळी खाली बघायचं नसतं, पुढच्या अडथळ्याकडे बघायचं असतं. बसणारी जिथे बघेल, तिथे घोडा जातो.

मग हळूच खरी गोष्ट निघाली. घोडा अजून तिचा नव्हताच. एका म्हाताऱ्या मालकीणबाईंनी तो तिला वर्षभरासाठी दिला होता. वर्षाअखेरच्या स्पर्धेत दोघांनी एक फेरी धड पूर्ण केली तर घोडा तिचा. नाहीतर बाई त्याला परत नेणार. स्पर्धेला पाच आठवडे उरले होते आणि घोडा अडथळ्यासमोर कधी कधी कचरत होता. हे सांगताना तिचा आवाज असा झाला, की मी त्याच रविवारी तिच्याबरोबर जायचं कबूल केलं. (तिने बोलावलं नव्हतं. पण कबूल केलं.)

रिकाम्या हाताने कुणाकडे जायची मला सवय नाही. घरात सफरचंदं कापली होती, त्यांची सालं प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून घेतली.

तबेल्यातले शिकवणारे सर म्हणजे वाळलेल्या लाकडासारखा माणूस. बोलायचे कमी, बघायचे फार. मला वाटलं होतं आता उड्या बघायला मिळणार. छे. सरांनी तिला तासभर नुसतं गोल फिरवलं. चाल, थांब, दुडकी, परत चाल. मोठा गोल, मग छोटा गोल. मी सरांना विचारलं, की उडी शिकवायची तर हे घाण्याच्या बैलासारखं फिरवणं कशाला? त्यांनी घोड्यावरची नजर न काढता सांगितलं, "उडी म्हणजे दोन पावलांमधलं एक मोठं पाऊल. बाकीची पावलं नीट पडली की ते आपोआप पडतं." याला ते फ्लॅटवर्क म्हणतात. मला ते इतकं पटलं की घरी आल्यावर मी आमच्या यांना जिना दोनदा चढायला लावला.

उड्या झाल्या त्या शेवटी. पाच अडथळे होते आणि बसायला बाकडं एकच, तिसऱ्या अडथळ्याच्या शेजारी, कुंपणाबाहेर. घोडा पहिल्यावरून गेला, दुसऱ्यावरून गेला, तिसऱ्यासमोर गपकन थांबला आणि माझ्याकडे बघायला लागला. बिचाऱ्याचा चेहरा एवढासा झाला होता. मी उठून त्याला चार सालं भरवली. थांबल्याबद्दल त्याला कुणी बोलू नये, एवढाच माझा हेतू.

पुढच्या खेपेला मी जास्त सालं नेली. तोही जास्त वेळा थांबला.

सरांनी सगळं करून पाहिलं. तिचे हात घट्ट आहेत म्हणाले, मग टाच सैल आहे, मग नजर खाली जाते. तीन आठवडे जास्त करून फ्लॅटवर्कच चाललं. चाल इतकी सुधारली की घोडा रिंगणात देवळातल्या घंटेच्या ठेक्यावर पावलं टाकायचा. पण तिसरा अडथळा आला की ठप्प. मुलगी दुकानात लोकांना उलटी अक्षरं वाचायला द्यायला लागली. मी यांना सांगितलं, तर पेपरमागून आवाज आला, "त्याच दुकानात घोड्याचे डोळे तपासा म्हणावं."

मग माझी दाढ काढायची निघाली आणि एक रविवार चुकला. संध्याकाळी मुलगी धावत जिना चढून आली. घोडा पाचही अडथळे पार करून गेला होता, दोनदा. मी सुजलेल्या गालाने तिला जवळ घेतलं. बुधवारी मी मुद्दाम कौतुकाला गेले, दुप्पट सालं घेऊन. घोडा तिसऱ्यासमोर थांबला तो थांबलाच. मुलगी खाली उतरली आणि त्याच्या मानेत तोंड खुपसून उभी राहिली. स्पर्धा रविवारवर आली होती.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात बिस्किटांचा पुडा उघडत होते. कागद जरा वाजला. बाहेरच्या खोलीत पेपर वाचणारे आमचे हे, ज्यांना गॅसवर दूध ऊतू गेलेलं ऐकू येत नाही, ते दारात येऊन उभे. मी त्यांच्याकडे बघत राहिले. तेच डोळे. तीच मान.

"काय झालं?" यांनी विचारलं.

पाच आठवडे सगळे घोड्याचे पाय आणि पोरीचे हात तपासत होते, आणि कारण माझ्या मांडीवर कुरकुर वाजत होतं. काखेत कळसा म्हणतात, तो हा.

न सांगता गप्प घरी बसता आलं असतं. खरं सांगते, तो विचार मनात आला आणि चहा होईपर्यंत राहिलाही. पण त्या पोरीने स्वतःला नालायक समजून घोडा परत करावा, आणि मी खिडकीतून बघावं? सकाळी तबेल्यात गेले आणि दोघांसमोर सगळं सांगून टाकलं. मुलगी गवताच्या भाऱ्यावर मटकन बसली. आधी हसली की रडली, ते मला सांगता येणार नाही, कारण मी जमिनीकडे बघत होते.

सर म्हणाले, "पिशवी वाजवा."

मी वाजवली. तबेल्याच्या पार टोकाच्या खणातून एक लांब मान बाहेर आली.

सरांनी बाकडं उचललं आणि स्वतः रिंगणाच्या दुसऱ्या टोकाला, शेवटच्या अडथळ्यापलीकडे नेऊन ठेवलं. मला म्हणाले, स्पर्धा याच रिंगणात आहे, तेव्हाही इथेच, कुंपणाबाहेर उभं राहायचं, पण फेरी संपल्याची घंटा होईपर्यंत पिशवी वाजवायची नाही. बक्षीस शेवटी मिळतं, हे त्याला तीन दिवसांत कळू द्या.

रविवारी मी यांनाही नेलं. मालकीणबाई काठी टेकून समोर बसल्या होत्या. मुलगी रिंगणात आली, आणि माझे हात असे थरथरायला लागले की पिशवी आपोआप वाजू लागली. मी घाईघाईने ती यांच्या हातात कोंबली. यांचे हात लग्नातही थरथरले नव्हते.

पहिला गेला. दुसरा गेला. तिसऱ्यासमोर घोड्याचा एक कान माझ्या जुन्या जागेकडे वळला. मुलीने मान ताठ केली आणि असं समोर बघितलं, जसं आमच्या टाकीकडे बघायची. कान परत पुढे आला. ते मोठं पाऊल आपोआप पडलं. चौथा, पाचवा, घंटा. मालकीणबाई उठल्या, त्यांनी घोड्याच्या नाकावरून एकदा हात फिरवला आणि तिला म्हणाल्या, "हा तुझा हो. पण मला भेटायला आणत जा."

मी डोळे पुसले. मुलगी घोड्याला कुंपणाबाहेर घेऊन आली, आणि तो माझ्या दिशेने येताना पाहून मी दोन्ही हात पसरले. पाच आठवड्यांची माया काही कमी नव्हती. तो माझ्या पदराला घासून पुढे गेला आणि त्याने यांच्या पोटात तोंड खुपसलं. पेपरात आलेल्या फोटोत मुलगी आहे, घोडा आहे, आमचे हे आहेत, आणि कडेला माझा कोपर आहे.

निघताना मी सरांना विचारलं, की पुढच्या स्पर्धेला किती वाजता येऊ.

"तुम्ही नाही आलात तरी चालेल, काकू," ते म्हणाले. "पिशवी तेवढी पाठवा."