बाभुळगावातलं फिनलंड

माणसाला योग्य गाडीत बसवून देण्याच्या कामात माझा हात धरणारा यवतमाळ जिल्ह्यात दुसरा कोणी नाही! ही बढाई नव्हे. एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालोय. माझ्या खिडकीशी चौकशी करून चुकीच्या ठिकाणी गेलेला प्रवासी तुम्हाला शोधून सापडणार नाही. उमरखेडला निघालेल्या एक बाई नांदेडला पोचल्या होत्या खऱ्या, पण त्या झोपल्या होत्या. त्यात या भीमराजचा काय दोष?

तेव्हा आमच्या मोनालीला फिनलंडच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीही मिळाली, आणि आमची सौ. नलू काळजीनं अर्धी झाली, तेव्हा मी तिला ठणकावून सांगितलं, "तू चिंता सोड. पोरगी तिथं अशी उतरल, का लोक म्हनतीन हे इथलीच हाये!"

मोनाली जंगलाचा अभ्यास करायला निघाली होती. "काहून, झरी जामणीतलं जंगल कमी पडलं काय?" असं आमचे शेजारी बाबाराव म्हणाले. बाबाराव म्हणजे घरचाच माणूस. रोज सकाळी मागच्या दारानं येणार, थेट स्वयंपाकघरात जाणार, गंजावरचं झाकण उचलून आत काय शिजतंय ते पाहणार आणि मग चहाला बसणार.

पण खुद्द मोनालीचा चेहरा उतरलेला होता. एका संध्याकाळी ती पायरीवर बसून म्हणाली, "बाबा, अभ्यासाचं काही नाई. पन तिथले लोक कोनाशी बोलत नाई म्हनते. मले जमन काय?"

बस्स! माझ्यातला नियंत्रक जागा झाला. तिकडं राहणाऱ्या एका मराठी मुलाचे व्हिडिओ मी मोबाइलवर पाहून काढले. चष्मा पुसून पुसून पाहिले. सार एवढंच निघालं की तिथं फोन केल्याशिवाय कोणी कोणाच्या घरी जात नाही, खाजगी प्रश्न विचारत नाही, बोलायचंच झालं तर हवामानावर बोलतात आणि उठता बसता प्लीज, सॉरी, थँक यू म्हणतात.

"त्यात काय एवढं!" मी जाहीर केलं. "परदेशी विद्यार्थ्यायले तिथं गेल्यावर सवय होवाले महिने लागते. आपुन इथूनच सवय करून पाठवू. उद्यापासून हे घर म्हनजे फिनलंड!"

"अन् शेजारपाजारच्यायले काय सांगाचं?" नलूनं विचारलं.

"काहीच नाई. तिथं कोनी कोनाले काही सांगते काय? सांगतलं त मंग थे फिनलंड कायचं!"

या एका वाक्यानं पुढं माझी शोभा केली. पण त्या वेळी मला स्वतःचंच फार कौतुक वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबारावांनी मागचं दार लोटलं. आतून कडी! आयुष्यात पहिल्यांदा! ते दार बडवायला लागले तसा मी खिडकीशी गेलो.

"बाबाराव, आधी फोन करा."

"मी इथं उभा हाओ ना! कोनाले करू फोन?"

"मले."

त्यांनी खिशातून मोबाइल काढला. माझ्या खिशातला वाजला. आम्ही दोघे खिडकीच्या गजांतून एकमेकांकडे पाहत बोललो.

"हॅलो. येऊ काय?"

"आज जमनार नाई. गुरुवारी चार वाजता या."

बाबारावांनी आधी मोबाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "भीमराज, घरात कोनी बिमार हाये काय?"

आता हा झाला खाजगी प्रश्न! मी गोड हसलो आणि म्हणालो, "वातावरण छान आहे."

ऑगस्टातली उकाड्याची सकाळ होती. माझी बनियन पाठीला चिकटली होती. बाबाराव तसेच घरी गेले. चहा न घेता!

घरात मात्र तालीम जोरात सुरू होती. "नलू, प्लीज, पानी देतेस काय?" "हे घ्या." "थँक यू!" "वेलकम!" एवढी वर्षं गाड्या पुकारल्यामुळे माझ्या आवाजाला माइक लागत नाही. भिंतीपलीकडे बाबारावांची बायको शीला कपडे वाळत घालता घालता हे सगळं ऐकत होती. आणि हे मला फार उशिरा कळलं, की आमच्या वस्तीत नवरा-बायको एकमेकांशी इतकं गोड बोलायला लागले तर त्याचा एकच अर्थ निघतो. आमच्या घरातून एरवी "अवो, कान फुटले काय तुमचे?" असं ऐकू यायचं तोवर सगळी वस्ती निर्धास्त होती!

शीलानं मोनालीला नळावर गाठलं. "मोना, आईबाबाचं काही बिनसलं काय वो?"

मोनाली पढवलेलीच. म्हणाली, "काकू, हा पर्सनल प्रश्न आहे."

संध्याकाळपर्यंत वस्तीला कळलं की भीमराजच्या घरी नक्कीच काहीतरी लपवण्यासारखं आहे. आणि रात्री ही बातमी उमरखेडला पोचली, नलूच्या धाकट्या भावाकडे, संघदीपकडे. त्याचा लगेच फोन आला. स्पीकरवर होता, मी शेजारीच उभा होतो.

"ताई, तुले काही त्रास हाये काय?"

मी नलूला खाणाखुणा केल्या. बोट वर करून आभाळ दाखवलं. बिचारी म्हणाली, "वातावरण छान आहे."

मग संघदीप हळू आवाजात म्हणाला, "ताई, भाऊजी बाजूले उभे हायेत काय?"

"हो."

फोन कट!

रविवारी सकाळी संघदीपची जीप दारात येऊन थांबली. आत उमरखेडचे तीन ज्येष्ठ, पांढऱ्या कपड्यांत, गंभीर. मंगळवारी मोनालीचं विमान होतं आणि याच जीपनं आम्ही नागपूरला जाणार होतो. मला वाटलं, पोरीला निरोप द्यायला दोन दिवस आधीच आले! किती प्रेमाची माणसं! पण नियम म्हणजे नियम. मी फाटकाशी गेलो, हात जोडले आणि म्हणालो, "जय भीम! पन फोन करून यायले पाहजे होतं."

सगळ्यात ज्येष्ठांनी एक पाय जीपबाहेर टाकला होता. तो हवेतच राहिला.

मग काय! बैठक बसली बाबारावांच्या अंगणात. सतरंजी टाकली गेली. अर्धी वस्ती भिंतीशी उभी. आम्हा तिघांना बोलावणं आलं. नलू एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये मोनाली.

संघदीप उभा राहिला. "माही गाडी मंगळवारी नागपूरले जानार नाई. इथं घर फुटून राह्यलं अन् पोरीले साता समुद्रापार धाडता? ताईजवळ कोन राहीन?"

"एक वर्ष उशीर झाला त काय बिघडते?" ज्येष्ठ म्हणाले. "पोरीनं आईजवळ राहावं."

मोनालीचा चेहरा पांढरा पडला. शिष्यवृत्ती काही पुढच्या वर्षापर्यंत वाट पाहणार नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलं. खेळ खेळता खेळता मीच माझ्या लेकीची गाडी अडवली होती!

"अहो, काही फुटलं नाई!" मी ओरडलो. "हे तालीम होती!"

"कायची?"

"फिनलंडची!"

ज्येष्ठांनी एकमेकांकडे पाहिलं. एकजण माझ्या गुडघ्यावर हात ठेवून अगदी मायेनं म्हणाले, "भीमराज, रिटायर झाल्यावर होते असं कवा कवा. नागपुरात चांगला डॉक्टर हाये."

आता माझा धीर सुटला. मी नलूकडे वळलो आणि काकुळतीनं म्हणालो, "नलू, प्लीज, तूच सांग ना यायले!"

"पाहा! पाहा!" भिंतीशी उभ्या बायका एकदम कुजबुजल्या. "कसे बोलते पाहा!"

आणि नलू उठली. पदर खोचला.

"प्लीज गेलं चुलीत! कवाचं माह्या डोक्याचं भुस्कट करून राह्यले तुमी! पानी मांगाले प्लीज, भांडं पडलं त सॉरी! बाबारावभाऊ रोजचे येनारे, त्यायले खिडकीतून गुरुवार दाखवता? माह्या भावाले फाटकावर थांबवता? मोठे आले फिनलंडवाले! नागपूरच्या पुढं पाय नाई टाकला कवा, अन् निघाले पोरीले परदेश शिकवाले! तिले तिथं एकटं वाटन म्हनून इथंच एकटं पाडलं ना तिले! कान फुटले काय, ऐकून राह्यले काय मी काय म्हनते थे?"

"ऐकून राह्यलो," मी म्हणालो.

मग शीलानं मोठा श्वास सोडला. "बरं वाटलं बापा!"

ज्येष्ठांचे चेहरे फुलले. ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "संघदीप, कायले आनलं रे आमाले? सगळं ठीक हाये इथं."

संघदीप डोळे पुसत हसायला लागला. "ताई, तुह्या तोंडून हे ऐकलं तवा माह्या जिवात जीव आला. मंगळवारी पहाटेच निघू. टायरात हवा भरून आनतो."

त्यानंतर सगळी मंडळी आमच्या घरात शिरली. पुढच्या दारानं, मागच्या दारानं, मिळेल तिथून. बाबाराव थेट गंजाशी गेले आणि झाकण उचललं. मोठ्या पातेल्यात चहा चढला. बायकांनी मोनालीला मध्ये बसवून जगातले सगळे खाजगी प्रश्न विचारले. थंडी किती, भात मिळतो का, कपडे कोण धुणार, तिथंच लग्न केलंस तर आम्हाला कळवशील का? मोनाली सगळ्यांना उत्तरं देत होती, खदखदून हसत होती. मी शिकवलेल्यातलं काहीएक तिच्या अंगी उरलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मंगळवारी ती गेली. विमानतळाच्या दारातून बिनतिकीटवाल्याला आत सोडत नाहीत. मी बाहेरून काचेला नाक लावून हात हलवत राहिलो.

ती तिथं चार दिवसांत रुळली. वसतिगृहात एक नेपाळची मुलगी आहे, एक घानाची आहे, तिघी मिळून स्वयंपाक करतात. मोनालीच्या तिखट वरणाची मागणी वाढली आहे म्हणे. इकडे माझंच बिनसलं. घास गिळेना. रोज सकाळी उठून बसस्थानकावर जातो आणि उगीच बाकावर बसून राहतो. डेपोतली मंडळी विचारतात, "साहेब, कुठं जाचं हाये?" मला काही सांगता येत नाही.

नलूनं हे सगळं मोनालीला कळवलं. परवा तिचा फोन आला.

"बाबा, इथं परदेशी विद्यार्थ्यायसाठी एक हापिस हाये. करमते काय, जेवता काय, असं विचारासाठी एक बाई बसते. मी गेलती तिच्याकडे. बाई म्हने, तू त चांगली दिसून राह्यली. मी म्हनलं, मी माह्यासाठी नाई आली, माह्या बाबासाठी आली."

ती बाई आधी खूप हसली म्हणे. मग तिनं मला वेळ दिली. येत्या बुधवारी, व्हिडिओवर, इंग्रजीत! तेव्हा त्या विद्यापीठात मोनालीबरोबर आता मीही आहे. आणि माझी तयारी करून घ्यायची जबाबदारी मोनालीनं अंगावर घेतली आहे. रोज संध्याकाळी सराव.

काल पहिला तास झाला. पडद्यावर तिनं त्या बाईसारखं तोंड केलं आणि इंग्रजीत विचारलं, "कसे आहात?" उत्तर मी पाठ करून ठेवलं होतं. तोंड उघडलं आणि मला एकदम रडूच कोसळलं. पार भिंतीपलीकडून शीलानं "काय झालं?" म्हणून हाक दिली.

मोनाली नाक ओढत म्हणाली, "बाबा, हे उत्तर चालते. फक्त बुधवारी आवाज थोडा कमी ठेवजा."