इंटरलागोसचे हमीदभाई

हमीदभाई आमच्याकडे जेवायला आले की त्यांच्या ताटात भात आणि आमटी लवकर एकत्र येत नाहीत. ते भाताचा लांबट ढीग करतात, दोन्ही बाजूंना आमटी ओततात आणि मी पहिला घास घेणार तोच म्हणतात, "थांबा सावंतसाहेब. ही दोन तळी. मधी ही जमीन. आता सांगा, इथं बंगले बांधाल?"

मी नाही म्हणतो. पहिल्या वेळी हो म्हणालो होतो, तर आमटी गार होईपर्यंत त्यांनी सोडलं नाही.

ती जमीन ब्राझीलमधल्या साओ पावलो शहरात आहे. दोन जलाशयांच्या मधोमध मोटारींच्या शर्यतीचा रस्ता आहे. त्याचं नाव इंटरलागोस, म्हणजे तळ्यांच्या मधलं. तिथे आधी घरं बांधायची होती. जमीन घरांना योग्य नाही असं ठरलं, म्हणून शर्यतीचा रस्ता केला आणि १९४० साली तो सुरू झाला. हमीदभाईंनी ब्राझील पाहिलेला नाही. एखादी शर्यत पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली असेल, असंही मला वाटत नाही. "गाड्या काय, येतात नि जातात," ते म्हणतात. "खालचा थर बघा, खालचा थर!"

त्यांचा धंदाच तो. राजापूर तालुक्यातला हा माणूस चोवीस वर्षं सौदीत डांबरीकरणाचा फोरमन आहे. रियाधच्या अल मलाझमधल्या आमच्या इमारतीत ते कंपनीच्या चौघांबरोबर तळमजल्यावर राहतात, मी आणि बायको दुसऱ्या मजल्यावर. त्यांच्या खोलीतला मल्याळी वेल्डर त्यांना रोज चिडवतो, "हमीदभाई, ब्राझील का इकामा बनवा लो!" इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना; तो हमी घेणाऱ्या मालकाच्या, म्हणजे कफीलच्या, जोरावर मिळतो. हमीदभाई शांतपणे उत्तर देतात, "कफील ढूँढ रहा हूँ."

जेद्दाला आता शर्यत होते. कंपनीतल्या कोणीतरी त्यांना चला म्हटलं. हमीदभाई म्हणाले, "तो रस्ता कालचा. आधी त्याला दोन खड्डे पडू देत, मग इतिहास सुरू होईल."

माझं काम मोजमापाचं, कुठे किती खडी आणि किती काँक्रीट लागेल ते काढायचं. त्यामुळे त्यांचे आकडे मी तपासून घेतले. बरोबर निघाले. जुना रस्ता जवळपास आठ किलोमीटरचा, स्वतःभोवतीच वळसे घेत जाणारा. १९९० साली तो छाटून सव्वाचार किलोमीटरच्या थोडा वर आणला. मी म्हणालो, "म्हणजे सेहेचाळीस टक्के गेला."

त्यांचा चेहरा पडला. "गेला कशाला म्हणता? जुना तुकडा बाजूला पडून आहे की अजून."

गेल्या थंडीत एका संध्याकाळी ते वर आले. बसा म्हटलं तरी बसेनात. मुलगा इरफान दोन आठवड्यांच्या व्हिजिट व्हिसावर येणार होता.

"अरे वा! मग एवढे घाबरलात कशाला?"

"शुक्रवारी तो आणि मी तुमच्याकडे जेवायला येऊ का? म्हणजे तुम्ही आमच्याबरोबर बसा. दोघंच बसलो तर…" मग ते बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं.

ते सौदीत आले तेव्हा इरफान दोन वर्षांचा होता. दर शुक्रवारी नमाजनंतर घरी फोन. मुलगा फोनवर यायचा, सलाम करायचा आणि गप्प. हेही गप्प. नऊ वर्षांचा असताना त्याने अचानक विचारलं, "अब्बा, इंटरलागोस बघितलंय तुम्ही?" त्याने वहीत शर्यतीच्या रस्त्याचं चित्र चिकटवलं होतं. ह्यांना नावही ठाऊक नव्हतं. त्यांनी साइटवरच्या इंजिनियरला गाठून माहिती काढली आणि पुढच्या शुक्रवारी सांगितली. त्या दिवशी मुलगा पहिल्यांदा खूप बोलला. तेव्हापासून दर शुक्रवारी इंटरलागोस.

मी मनात हिशेब केला. दोन वर्षांनी एकदा दोन महिन्यांची सुट्टी. चोवीस वर्षांत बारा सुट्ट्या, चोवीस महिने. मुलगा सव्वीस वर्षांचा झाला, त्यातली बापाबरोबरची दोन वर्षं. पहिली दोन त्याला आठवणारही नाहीत, म्हणून ती धरली नाहीत.

शुक्रवारी दोघं आले. इरफान रत्नागिरीत एका लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. मुलगा नम्र, बापासारखाच रुंद कपाळाचा. बायकोने सुरमई केली होती. हमीदभाईंनी भात वाढून घेतला आणि लगेच १९४० पासून सुरुवात केली. इरफान मान हलवत होता. १९९० आलं, रस्ता छाटून झाला, आणि सांगण्यासारखं काही उरलं नाही. हमीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आमटीचं भांडं पुढे केलं.

"अब्बा," इरफान हळूच म्हणाला, "मी रेस बघणं दहावीतच सोडलं."

"दहावीत?" हमीदभाईंचा हात ताटातच थांबला. "मग दर शुक्रवारी विचारायचास ते?"

"तुम्ही खूश व्हायचात. आणि दुसरं काही काढलं की तुम्ही म्हणायचात, आईला दे फोन."

बायको पोळ्या आणायच्या निमित्ताने आत गेली. मला मात्र उठता येईना.

"दुसरं म्हणजे काय काढायचास?" शेवटी हमीदभाईंनी विचारलं.

"काही नाही. असंच."

"असंच काय ते सांग ना."

इरफानने आधी आईच्या गुडघ्यांचं सांगितलं, जे फोनवर सांगायचं नाही अशी तिने ताकीद दिली होती. मग लॅबमधल्या रात्रपाळीचं. मग जरा अडखळत, त्याच लॅबमध्ये काम करणाऱ्या एका मुलीचं. मी घड्याळ पाहिलं. चाळीस मिनिटं झाली होती, आणि एवढ्या वेळात हमीदभाई मधे एकदाही बोलले नव्हते.

मुलीचं नाव सांगून इरफान थांबला, बापाकडे न बघता. हमीदभाईंनी आपल्या ताटातला सुरमईचा तुकडा उचलला, काटे काढले, तो मुलाच्या ताटात ठेवला आणि म्हणाले, "हं. पुढे?"