आठ सेवक, तीन हाका

माझं मराठी उत्तम आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचल्यावर तुम्ही ते मान्य करणार नाही.

पार्सलं घरपोच करणाऱ्या एका कंपनीच्या मुख्य कार्यालयात मी कॉम्प्युटरचं बघतो. माझी खोली तळघरात आहे. तिथे एका उंच लोखंडी कपाटात आठ सर्व्हर घूं घूं करत बसलेले असतात. आपलं पार्सल कुठवर आलं हे कुणी मोबाइलवर बघायला गेलं, की तो प्रश्न या आठांपैकी एकाकडे जातो आणि तो उत्तर देतो. त्यातला एखादा आजारी पडला, तर ते आम्हाला कळायचं ग्राहकांनी बोंब मारल्यावर. म्हणून मी ठरवलं, की या सगळ्या गटाच्या तब्येतीवर सतत लक्ष ठेवणारी व्यवस्था बसवायची. अशी बसवायची, की मी चहा पीत बसलो तरी काम चोख चाललं पाहिजे.

त्यासाठी साहेबांची परवानगी हवी होती, आणि साहेबांनी त्याच महिन्यात फर्मान काढलं होतं, की टिपण शुद्ध मराठीत हवं. इंग्रजी शब्द दिसला, की कागद परत. बाकीच्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मी मात्र बाह्या सरसावल्या. सर्व्हर म्हणजे काय? जो सेवा देतो तो. म्हणजे सेवक. किती सोपं! मी एका बैठकीत टिपण उतरवलं आणि वर ठळक अक्षरांत मथळा दिला: ‘सेवकगटाची आरोग्य-देखरेख’.

खाली लिहिलं, ‘गटात आठ सेवक आहेत. गुरुवारी सकाळी अकरापासून प्रत्येकाला दर अर्ध्या मिनिटाला हाक मारण्यात येईल. सलग तीन हाकांना उत्तर न आल्यास तो सेवक आजारी समजून त्यास तत्काळ गटाबाहेर काढावे व त्याचे काम उरलेल्यांत वाटावे. क्रमांक सातचा सेवक जुना असून दुपारनंतर तापतो व उत्तर उशिरा देतो. त्याची लवकरच विल्हेवाट लावावी. सर्व सेवकांना अठरा अंश तापमानात ठेवावे. गेल्या दोन वर्षांत त्यांच्यावरची धूळ झटकलेली नाही, तीही झटकावी.’

घरी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “अंगावर काटा आला.” मला वाटलं, भाषेमुळे.

साहेबांनी न वाचता सही केली. टायपिस्ट बाईंनी मथळ्यात ‘सेवक’ हा शब्द बघितला आणि कागद सरळ कर्मचाऱ्यांच्या सूचनाफलकावर लावून टाकला. यात त्यांची काहीच चूक नव्हती. आमच्याकडे कर्मचाऱ्यांना कागदोपत्री सेवकच म्हणतात. हे मला अकरा वर्षं माहीत होतं. त्या दिवशीच नेमकं आठवलं नाही.

आणि आमच्या तक्रार विभागात माणसं आठ आहेत. टेबलांना एक ते आठ असे नंबर आहेत. सात नंबरला मामा बसतात. मामा म्हणजे कंपनीतले सगळ्यात जुने गृहस्थ. निवृत्तीला सात महिने राहिलेले, एका कानाने कमी ऐकू येणारे. दुपारच्या जेवणानंतर त्यांना जरा जडपणा येतो आणि ते उत्तर उशिरा देतात.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी मंगळवार-बुधवार तळघरात वायरींमध्ये डोकं घालून होतो. बुधवारी जेवायला वर आलो, तर ज्या टेबलाशी बसलो तिथली दोघं डबे उचलून दुसरीकडे गेली. मला वाटलं, तळघरात राहून माझ्या कपड्यांना वास येत असेल. मी कॉलर हुंगून पाहिली.

तेवढ्यात तक्रार विभागाच्या मुख्य बाई समोर येऊन बसल्या. त्यांना सगळे ताई म्हणतात. त्यांनी डबा उघडलाच नाही.

“सात नंबरचं खरंच ठरलंय का?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

कुणीतरी माझ्या कामात रस घेतंय म्हटल्यावर मी फुललो. “ठरलंय म्हणजे काय, ताई, काढायचाच. त्याच्यात आता काही राम नाही.”

“इतकी वर्षं काम केलंय हो.”

“म्हणूनच. आता तो फक्त जागा अडवतो. उघडून बघतो, आतलं काही चांगलं निघालं तर दुसऱ्याला बसवू. बाकीचं भंगारात.”

ताई उठल्या. डबा तिथेच राहिला. मी तो त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला, तर एक नंबरवाली मुलगी माझ्याकडे बघून रडायलाच लागली.

हे सगळं मला नंतर जोडून कळलं. ताई तडक साहेबांकडे गेल्या होत्या. साहेबांनी टिपण तेव्हा पहिल्यांदा वाचलं आणि त्यांचाही चेहरा पडला. पण सही तर आपली! न वाचता केली असं म्हणणार कसं? ते म्हणाले, की सर्व बाजूंनी विचार करूनच निर्णय घेतला आहे, आणि अंमलबजावणी शब्दशः होईल. हाका मारायचं काम त्यांनी नानांना दिलं. नाना आमचे शिपाई. मागे कधीतरी एका शाळेत कवायत घ्यायचे. शब्दशः म्हटलं की शब्दशः. मामांनी मात्र कुणाला काही विचारलं नाही. त्यांनी गुरुवारी सकाळी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

गुरुवारी बरोबर अकरा वाजता मी खाली बटण दाबलं. बरोबर अकरा वाजता वर नानांनी पहिली हाक दिली.

माझ्याकडे आधी सात नंबरचं मशीन, त्या दिवशी सकाळीच तापलेलं, उत्तर देईना. तीन हाका झाल्या, व्यवस्थेने त्याला बाहेर काढलं. मी टाळी वाजवली आणि चहा करून घेतला. मी पडद्याकडे पाठ करून बिस्कीट शोधत असताना त्या सातव्याचं काम उरलेल्या सात जणांवर पडलं. ते दमले, उत्तर द्यायला उशीर करू लागले, तर माझ्या व्यवस्थेने त्यांच्यातल्या आणखी एकाला काढलं. मग सहा जणांवर आठांचं काम. मग पाच जणांवर. बिस्कीट सापडेपर्यंत सगळा गट आजारी ठरून बाहेर गेला होता. पार्सल कुठे आहे, हे आता कुणालाच दिसत नव्हतं. साहजिकच लोक फोन करू लागले. फोन लागत होता तक्रार विभागात.

तिथे मामा डॉक्टरांकडे गेलेले. नानांनी सात नंबरला तीन हाका मारल्या, उत्तर नाही. नानांनी मामांची खुर्ची उचलून बाहेर व्हरांड्यात ठेवली आणि त्यांचे फोन दुसऱ्यांना वाटले. दोन्ही कानांना फोन लावलेल्या माणसाला तिसरी हाक ऐकू जाणार कशी? पाच नंबर बाहेर गेला. मग दोन नंबर. ताईंनी शेवटपर्यंत किल्ला लढवला. एका फोनवरच्या गृहस्थांना त्या चुकून “हजर” म्हणाल्या, त्यांना वाटलं पार्सल हजर झालं, आणि ते समजावण्यात ताईंच्या तीन हाका गेल्या.

मी पेला धुवायला वर आलो, तर व्हरांड्यात आठ खुर्च्या ओळीने मांडलेल्या. सात भरलेल्या. कुणी शाल पांघरलेली, कुणी स्वेटर घातलेला, कारण एसी अठरावर होता. आत आठही फोन वाजत होते आणि मध्यभागी नाना घड्याळ बघत रिकाम्या टेबलांना हाका मारत होते.

“हे काय चाललंय?” मी विचारलं.

ताईंनी फक्त भिंतीवरच्या सूचनाफलकाकडे बोट दाखवलं. मी माझंच टिपण वाचलं. पहिल्यांदाच दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचलं म्हणा ना.

त्याच वेळी मामा जिना चढून आले. त्यांच्या हातात डॉक्टरांचा दाखला होता. त्यांनी तो माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, “उजवा कान ठीक आहे. डाव्याला औषध दिलंय. सात महिने निभावेल असं म्हणतात.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिथेच सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की सेवक म्हणजे तुम्ही नाही हो, तळघरातली मशीनं. सात नंबरचं मशीन.

आत नानांनी हाका मारायचं थांबवलं.

“मग मशीन लिहायला काय झालं होतं?” ताई म्हणाल्या.

मामा आपल्या खुर्चीत बसले, चष्मा लावून त्यांनी टिपण पुन्हा सावकाश वाचलं आणि म्हणाले, “पण हे मशीनला तरी चालेल का? एकाला काढलंत, त्याचं ओझं दुसऱ्यावर. तो वाकला की त्यालाही काढणार. शेवटी राहणार कोण? निम्मे तरी आत राहिलेच पाहिजेत, कितीही दमलेले असोत. आणि हाक मारल्यावर जरा थांबा तरी.”

मी पेला त्यांच्याच हातात देऊन खाली पळालो. पडद्यावर आठही दिवे लाल. मी मामांनी सांगितलं तेच केलं. हाकेनंतर थांबायचा वेळ वाढवला, आणि निम्म्यांहून अधिक कधीच बाहेर काढायचे नाहीत असा नियम घातला. पाऊण तासाने एकेक दिवा हिरवा झाला आणि माझा जीव भांड्यात पडला. कॉलेजात चार वर्षं घालवून मला जे सुचलं नाही, ते मामांनी व्हरांड्यात बसून सांगितलं होतं.

साहेबांनी मला बोलावून सांगितलं, की टिपणात दोष असल्याचं त्यांच्या आधीपासूनच लक्षात आलं होतं. मग शिक्षा म्हणून दुसऱ्या दिवशी मला तक्रार विभागात फोन घ्यायला बसवलं. मामांनी शेजारी खुर्ची करून दिली, पाणी आणून ठेवलं, आणि म्हणाले, “घाबरू नका, मी आहे.”

पहिलाच फोन एका आजींचा होता. मी घसा साफ करून, अत्यंत शुद्ध मराठीत त्यांचं स्वागत केलं, असुविधेबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि त्यांना पार्सलचा क्रमांक कथन करण्याची विनंती केली.

पलीकडे आजी कुणालातरी म्हणाल्या, “अगं, हे मशीनच बोलतंय. माणसासाठी कुठलं बटण दाबायचं?”

मी फोन मामांकडे दिला.