कडुबाअण्णांचा बॅटरीवरचा फ्रीज

कडुबाअण्णांच्या कुठल्याही वस्तूकडे तुम्ही कौतुकानं बघितलंत, की ते हात वर करून तुम्हाला थांबवतात आणि म्हणतात, "आधी तोटा ऐका."

ही सवय त्यांना धंद्यातून लागली. मुकुंदवाडीत तीस वर्षं त्यांनी फ्रीज दुरुस्त केले. नीट झालेला फ्रीज परत देताना ते त्याचा एकही गुण सांगायचे नाहीत. "दाराचं रबर दोन वर्सांत जाईल. बर्फ जरा उशिरा धरंल. आवाज करंल, घाबरायचं नाय." नवीन गिऱ्हाईक हे ऐकून गडबडून जायचं. जुनं मात्र निश्चिंत असायचं, कारण अण्णांनी सांगितला तेवढाच तोटा निघायचा, वर एक नाही.

पुढं ही सवय दुकानातून घरात शिरली. त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही फुलंब्रीला गेलो होतो. मी तिथल्या शाळेत मास्तर, म्हणून मध्यस्थीचा मान माझा. पोहे झाले, चहा झाला. मुलीच्या वडिलांनी रीतीप्रमाणे विचारलं, "मुलगा कसा आहे?" अण्णा सरसावून बसले. "आधी तोटा ऐका. नऊशिवाय उठत नाय. राग आला की जेवत नाय. आन् हे केस दिसतेत ना, ते चार-पाच वर्सांचे पाव्हणे. आमच्या खानदानात टिकत नाईत." पुतण्यानं बशीत मान घातली ती वर काढली नाही. मला वाटलं, झालं, आता एसटी गाठावी. पण मुलीचे वडील मला फाटकापाशी बाजूला घेऊन म्हणाले, "सर, इतकं खरं बोलणारं घर पुन्हा भेटणार नाय." लग्न झालं. पुतण्याला आता टक्कल आहे आणि सासुरवाडीची त्याबद्दल एका शब्दाची तक्रार नाही.

असा माणूस माझा शेजारी आहे, हे मी कुठंही छाती पुढं काढून सांगतो.

साठी उलटल्यावर अण्णांनी दुकान बंद केलं आणि भंगारात निघालेली शाळेची एक मिनीबस आणून दारात उभी केली. सहा महिने ठोकाठोक चालली. बाकं निघाली, पलंग आला, ओटा आला, टपावर सोलरची पाटी बसली. रंग मात्र पिवळाच राहिला, त्यामुळं आजही कोपऱ्यावरची पोरं दप्तर सावरून तिला हात दाखवतात. आरटीओचे कागद करायला अण्णांनी इतक्या खेपा घातल्या, की तिथला शिपाई त्यांना सणाला नमस्कार पाठवू लागला. ट्रकवाले मागं शेर लिहितात. अण्णांनी लिहून घेतलं: "चढावर दम लागतो. थोडं थांबा."

गल्लीनं यथेच्छ थट्टा केली. पण या घरगाडीचा आत्मा होता तो ओट्याखालचा फ्रीज. बारा व्होल्टचा, थेट बॅटरीवर चालणारा, आत खराखुरा कॉम्प्रेसर असलेला. तो दाखवताना अण्णांचा चेहरा पहिला नातू दाखवणाऱ्या आजोबासारखा व्हायचा, आणि तोंडातून मात्र तोटे सुरू व्हायचे.

"महाग हाय, सर. घरच्या दोन फ्रीजची किंमत. बॅटरी खातो. वायर बारीक टाकली तर करंट रस्त्यातच दम तोडतो, आन् लोक शिव्या फ्रीजला देतात. आन् बॅटरी उतरली की आपला आपण बंद पडतो, मालकाला इचारत नाय."

"मग घरातलाच फ्रीज इन्व्हर्टरवर लावायचा," मी म्हणालो.

"इन्व्हर्टर स्वतःच लई पितो. बँकेत टाकलं तेवढं मॅनेजरनंच खाल्लं, असला कारभार."

"आणि ते गॅसवर चालणारे असतात म्हणे?"

यावर अण्णांनी खरोखर कानाला हात लावला. "गाडी तिरकी हुबी राहिली की रुसतो. आन् आपल्या उन्हाळ्यात तो काय थंड करणार? त्यालाच घाम फुटतो." मग आवाज खाली आणून, आजूबाजूला कुणी नाही ना बघून, त्यांनी फायदा सांगितला. "हा चव्वेचाळीस डिग्रीत बर्फ देतो, सर. बांधावर चढवा नायतर खड्ड्यात घाला."

एवढा खटाटोप कशासाठी, हे गल्लीला ठाऊक नव्हतं. मला होतं. अण्णांच्या मंडळी, आमच्या गिरजावहिनी, यांना साखरेचा आजार. रोज इन्सुलिनची सुई. ते औषध थंड ठेवावं लागतं, आणि वहिनींचं माहेर म्हणजे मेंढपाळाचा वाडा: दोनशे मेंढरं, दोन घोडी आणि आज इथं तर उद्या तिथं. तिथं विजेचा खांबही भेटत नाही. अकरा वर्षांपूर्वी वहिनी माहेरी गेल्या तेव्हा ओल्या वाळूच्या मडक्यात औषध ठेवलं होतं. वाळू वाळली, औषध तापून वाया गेलं, आणि परत आल्यावर वहिनी आठवडाभर दवाखान्यात होत्या. त्यानंतर माहेरी एकही मुक्काम नाही. वरून वहिनी म्हणायच्या, "हे माझ्यापरीस त्या फ्रीजच्या डब्याकडं जास्त बघतेत." पण गाडीत बसायची पिशवी त्यांनी फाल्गुनातच भरून ठेवली होती.

मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. मला सुट्टी होती, आणि अण्णांना साक्षीदार हवा होता. वहिनींचा थोरला भाऊ सोनबा तेव्हा पैठणच्या धरणाचं पाणी मागं सरल्यावर उघड्या पडलेल्या गवतात उतरला होता. तीन दिवसांचा बेत.

वाड्यावर पोचलो तेव्हा वहिनी चालत्या गाडीतूनच उतरायला निघाल्या होत्या. भावजयीनं त्यांना मिठीत घेतलं आणि दोघी एकाच वेळी रडू-बोलू लागल्या. सोनबा, चांगला उंचापुरा, पांढऱ्या पटक्याचा माणूस. त्यानं बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवला. अण्णांना मात्र कोरडा रामराम. मला म्हणाला, "दाजींना येळ घावला म्हणायचा. अकरा वर्सांनी."

त्या माळावर एकच मोठं कडुलिंबाचं झाड होतं. त्याच्या सावलीत कोकरांचं जाळीचं कुंपण होतं. सोनबानं कुंपण उपटलं, कोकरं पलीकडं बाभळीच्या फाटक्या सावलीत नेली आणि हातानं खूण केली: गाडी इथं लावा. मन कितीही कडू असलं तरी पाहुण्याला उत्तम सावली, हा वाड्याचा कायदा. एवढा मान झाल्यावर अण्णा नाही कसं म्हणणार? गाडी लिंबाखाली गेली.

तुमच्या ध्यानात आलं असेल. आमच्या कुणाच्याच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रीजचा हिरवा दिवा तांबडा झाला, दोनदा लुकलुकला आणि गेला. गुणगुण थांबली. अण्णा टपाकडं बघत राहिले. वर लिंबाची गर्द सावली, आणि तिच्याखाली सोलरची पाटी दीड दिवस आरामात निजलेली.

"सर," ते हळूच म्हणाले, "हा तोटा माझ्या यादीत नव्हता."

बॅटरी भरायला त्यांनी गाडी सुरू केली, तर इंजिनच्या आवाजानं मेंढरं चौखूर उधळली. ती गोळा करण्यात सगळ्या वाड्याचा तास गेला. आता गाडी उन्हात घेण्यावाचून इलाज नव्हता. फ्रीजचं दार उघडलं नाही तर गारवा आणखी दोन-तीन तास टिकणार होता. वहिनींचं पुढचं सगळं औषध त्यातच होतं.

अण्णा पुन्हा चाकावर बसले, तर सोनबा गाडीसमोर येऊन उभा राहिला.

"कुठं निघाले, दाजी?"

"गाडी जरा उन्हात घेतो."

"काहून? आमची सावली टोचती व्हय?" सोनबाचा आवाज चढला. "अकरा वर्सं भैनीला एका रातीला धाडली नाय. दर दिवाळीला इचारलं, दर दिवाळीला तुमचं एकच. काम हाय, धाडत नाय. म्या लेकरावानी कोकरं उन्हात काढली तुमच्यापायी, आन् आता सावलीबी नको?"

मी चपापलो. आजारपणाचं या माणसाला ठाऊकच नव्हतं! मी अण्णांकडं बघितलं. आता हे सगळं सांगणार, असं मला वाटलं. अण्णा खाली उतरले, सोनबासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "व्हय. माझंच चुकलं. मी माणूसच तसा हाय, हेकट. पर गाडी उन्हात घेऊ द्या."

पुतण्याचे तोटे सांगताना सुद्धा त्यांनी खोटा तोटा कधी सांगितला नव्हता. हा पहिला.

वहिनी चुलीपासून उठून आल्या. सरळ गाडीत चढल्या, फ्रीज उघडला, औषधाचा डबा काढला आणि भावाच्या हातात ठेवला. "दादा, मला साखरेचा आजार हाय. आईला व्हता तसाच. रोज सुई घ्यावी लागती, आन् हे थंड लागतं."

"दार लावा!" अण्णा ओरडले. "आधी दार लावा, गारवा चाललाय!"

मी धावत जाऊन दार लावलं.

"यांना म्या शपथ घातली व्हती," वहिनी म्हणाल्या. "मागल्या खेपेला औषधाचं मडकंबी तुझ्यापासून लपवूनच ठेवलं व्हतं. आईच्या दुखण्यात तू अर्धी मेंढरं इकलीस. माझं कळलं असतं तर राहिलेली इकून माझ्या दारात येऊन बसला असतास. म्हणून म्हणलं, तुमच्या नावावर घ्या, पर त्याला सांगू नका."

सोनबा त्या डब्याकडं बघत राहिला. आपल्या रांगड्या हातात तो त्यानं अंडं धरावं तसा धरला होता. "दाजी," तो कष्टानं म्हणाला, "दर दिवाळीला म्या फोनवर तुमाला लई वंगाळ बोललो."

"शिव्यांचं एक बरं असतं," अण्णा म्हणाले. "त्या उन्हात खराब होत नाईत. फ्रीज लागत नाय."

मला हसू आलं. सोनबा हसला नाही. त्यानं डबा माझ्याकडं दिला, मी तो पटकन आत ठेवला. मग तो स्वतः गाडीपुढं चालत गेला आणि माळावरच्या सगळ्यात रणरणत्या जागेवर थांबून म्हणाला, "इथं लावा." गाडी उभी राहताच तो टपावर चढला. मेंढरांच्या पायधुळीनं पाटी पांढरी झाली होती. सोनबानं डोक्याचा पटका सोडला आणि पाटी पुसू लागला, कोपरान् कोपरा, गडबड न करता. मेंढपाळाला पटका असा काढताना मी कधी बघितलं नव्हतं. अण्णा खालून म्हणत होते, "अहो पाव्हणं, फडकं हाय माझ्यापाशी," पण सोनबाचा हात थांबत नव्हता.

कोकरं परत लिंबाखाली आली. वहिनी त्यांच्यातच पाय पसरून बसल्या, एक पिल्लू मांडीवर घेऊन. अण्णा सावलीत आले नाहीत. गाडीच्या पायरीवर बसून दिव्याकडं बघत राहिले. चारच्या सुमारास तो हिरवा झाला आणि फ्रीज गुणगुणू लागला.

सोनबा बहिणीपाशी येऊन टेकला. "गिरजे, किती दीस ऱ्हातीस?"

बेत तीन दिवसांचा होता, त्यातले दोन होत आले होते. वहिनींनी अण्णांकडं बघितलं.

अण्णांनी डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. सगळा जिल्हा ज्या उन्हाला तोंड फाटेस्तोवर शिव्या देत होता, त्या उन्हाकडं ते प्रेमानं बघत होते.

"ऊन हाय तवर ऱ्हा," ते म्हणाले.