आल्गिमांतासच्या नावाचा किडा

"म्हणजे माझ्या हरणांत किडे शोधणार तुम्ही?" आल्गिमांतास फोनवर कडाडला. उतेना शहराजवळ त्याचा मांसासाठी हरणं पाळण्याचा मळा होता, आणि विल्नियसच्या प्रयोगशाळेतल्या झिद्रेला त्याच्या एका कापलेल्या हरणाच्या हृदयाचा तुकडा हवा होता. स्नायूंत घर करून बसलेल्या परजीवींच्या बारीक पिशव्या, म्हणजे पुट्या, सूक्ष्मदर्शकातून पाहणं, हे तिचं काम.

"बहुतेक हरणांत असतात हो. त्यांना त्याचा फारसा त्रासही नसतो."

"माझ्या हरणांत नाहीत!"

तरी तुकडा आला. झिद्रेने तो दोन काचांमध्ये दाबून पाहिला आणि खुर्चीतून उठलीच. पुटीच्या भिंतीवर असले केस तिने हरणात कधी पाहिले नव्हते. उत्साहाच्या भरात तिने फोन लावला. "ही जात नवी निघाली, तर तिला तुमचं नाव देऊ!"

पलीकडून हळूच प्रश्न आला, "आडनावासकट?"

रविवारी चर्चमधून बाहेर पडेपर्यंत गावभर झालं. त्याच्या बायकोने, ब्रोनेने, बटाट्याचं कुगेलिस भाजून सगळ्यांना जेवायला बोलावलं. फक्त शेजारचा रोमुआल्दास आला नाही. त्याचीही हरणं होती. तो बादलीत अख्खं हृदय घेऊन थेट प्रयोगशाळेत उभा राहिला.

"त्याच्यात निघतात, मग माझी हरणं काय हलकी आहेत?"

झिद्रेने पाहून सांगितलं, "किडे आहेत की. नेहमीच्याच जातीचे, पण भरपूर."

"भरपूर! तेवढं लिहून द्या."

एवढ्यात जनुकीय तपासणीचा निकाल आला आणि झिद्रेने गाडी काढून मळा गाठला.

"खरं सांगा, तो तुकडा कुठला होता?"

आल्गिमांतासने मान खाली घातली. "खाटकाकडचा. म्हटलं, बाई एवढ्या बारकाईने बघणार, तर माल स्वच्छ असावा."

"अहो, तो गाईचा होता!"

"बैलाचा," तो पुटपुटला.

या वेळी झिद्रेने नमुना स्वतः उभं राहून घेतला. काचेमागून काच सरकवत तिने दिवसभर डोळे फोडले आणि संध्याकाळी आनंदाने फोन केला. "अभिनंदन! एकही पुटी नाही. इतकं निर्मळ हरीण मी आजवर पाहिलं नाही."

आल्गिमांतास ब्रोनेला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "बाई, पुन्हा एकदा बघा ना. नेहमीचा असला तरी चालेल. त्या रोमुआल्दासकडे भरपूर आहेत हो!"